बॅकअप आहे, पण रिस्टोअर कुठला करायचा? योग्य बॅकअप जॉब निवडण्याची पद्धत, बाकुलाच्या उदाहरणासह

बॅकअप कसा घ्यायचा यावर भरपूर माहिती मिळते. पण खरी वेळ येते तेव्हा प्रश्न वेगळाच असतो. सॉफ्टवेअर उघडलं की समोर पन्नास-साठ जॉबची यादी दिसते, मागे कोणीतरी "झालं का?" विचारत उभं असतं आणि यातला नेमका कुठला निवडायचा ते कळत नाही. घाईत बहुतेक जण सर्वांत वरचा, म्हणजे शेवटचा जॉब निवडतात. आणि अनेकदा नेमका तोच चुकीचा असतो.

या लेखात आपण जॉब निवडायची पद्धत पायरी-पायरीने बघू. उदाहरणासाठी मी बाकुला हे ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअर घेतलंय. केर्न सिबाल्ड यांनी २००० साली त्यावर काम सुरू केलं आणि २००२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. लिनक्स सर्व्हर असलेल्या अनेक ठिकाणी ते आजही चालतं. त्याच्यापासून वेगळं झालेल्या बॅरिओसमध्येही मेनू जवळपास असाच आहे. तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी विचार करायची पद्धत तीच राहते.

एक सूचना: कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायची.

आधी समजून घ्या: एक जॉब म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे

बॅकअप जॉब तीन प्रकारचे असतात.

१. फुल: ठरवलेल्या सगळ्या फाइल्स.
२. डिफरेन्शियल: शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं.
३. इन्क्रिमेंटल: शेवटच्या कुठल्याही यशस्वी बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर फुल म्हणजे आरंभीची शिल्लक आणि इन्क्रिमेंटल म्हणजे रोजच्या नोंदी. नुसत्या मंगळवारच्या नोंदी बघून खात्यात किती पैसे आहेत ते सांगता येत नाही. तसंच नुसत्या मंगळवारच्या इन्क्रिमेंटलवरून पूर्ण फोल्डर परत येत नाही. त्यासाठी साखळी लागते: एक फुल, त्यानंतरचा शेवटचा डिफरेन्शियल आणि त्या डिफरेन्शियलनंतरचे सगळे इन्क्रिमेंटल.

बाकुलाच्या नमुना कॉन्फिगरेशनमधलं वेळापत्रक असं आहे: महिन्याच्या पहिल्या रविवारी फुल, बाकीच्या रविवारी डिफरेन्शियल आणि सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल, सगळे रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी. खूप ठिकाणी हेच जसंच्या तसं ठेवलेलं असतं, म्हणून उदाहरणालाही आपण हेच घेऊ.

उदाहरण: गुरुवारचा बॅकअप का नको?

समजा, एका सीए ऑफिसचा फाइल सर्व्हर आहे. बुधवारी, १८ जून २०२५ रोजी दुपारी ३ च्या सुमारास रॅन्समवेअरने फाइल्स एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली. ते शुक्रवारी सकाळी लक्षात आलं. यादी अशी दिसते (जॉब क्रमांक आणि फाइल्सचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत):

जॉब १०१: रविवार १ जून, फुल, ५२,३१० फाइल्स
जॉब १०२ ते १०७: सोमवार २ ते शनिवार ७ जून, इन्क्रिमेंटल
जॉब १०८: रविवार ८ जून, डिफरेन्शियल, २,१४० फाइल्स
जॉब १०९ ते ११४: सोमवार ९ ते शनिवार १४ जून, इन्क्रिमेंटल
जॉब ११५: रविवार १५ जून, डिफरेन्शियल, ३,९०५ फाइल्स
जॉब ११६: सोमवार १६ जून, इन्क्रिमेंटल, ४१२ फाइल्स
जॉब ११७: मंगळवार १७ जून, इन्क्रिमेंटल, ३८८ फाइल्स
जॉब ११८: बुधवार १८ जून, इन्क्रिमेंटल, ३८,७६४ फाइल्स
जॉब ११९: गुरुवार १९ जून, इन्क्रिमेंटल, २९६ फाइल्स

सगळ्या जॉबसमोर "यशस्वी" लिहिलेलं आहे, आणि ते खोटं नाही. बॅकअप सॉफ्टवेअरचं काम आहे फाइल वाचून साठवणं. फाइलच्या आत तुमचं बॅलन्स शीट आहे की एन्क्रिप्ट झालेला कचरा, हे ते बघत नाही. त्यामुळे ११८ आणि ११९ हे तांत्रिकदृष्ट्या यशस्वी आहेत आणि तुमच्यासाठी निरुपयोगी आहेत. यादीतला शेवटचा जॉब निवडला तर खराब झालेल्या फाइल्सच तेवढ्या निष्ठेने परत येतील.

इथे योग्य संच आहे १०१, ११५, ११६ आणि ११७. फक्त चार जॉब. १०२ ते ११४ लागत नाहीत, कारण फुलनंतर १५ जूनपर्यंत झालेले बदल ११५ मध्ये आलेले आहेत.

पायरी १: नुकसान कधी झालं ते शोधा

जॉब निवडणं म्हणजे खरं तर तारीख आणि वेळ निवडणं. ती ठरली की साखळी आपोआप ठरते. वेळ शोधायला या गोष्टी उपयोगी पडतात:

- खराब फाइल्सची "शेवटचा बदल" ही वेळ. सर्वांत जुनी वेळ महत्त्वाची, सर्वांत नवी नाही.
- रॅन्समवेअर असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये टाकलेल्या धमकीच्या फाइलची वेळ.
- जॉबमधल्या फाइल्सची संख्या. वरच्या यादीत रोज चारशेच्या आसपास फाइल्स असताना बुधवारी अचानक ३८,७६४ झाल्या. एका दिवसात ऑफिसने एवढं काम केलेलं नसतं. असा उंचवटा दिसला की तिथे थांबून बघायचंच.
- माणसांना विचारा. "ही फाइल तुम्ही शेवटची नीट उघडली कधी?" हा प्रश्न दोन-तीन जणांना विचारला की वेळेचा अंदाज पक्का होतो.

सुरुवातीच्या वेळेच्या थोडं आधीची वेळ धरा. जॉब चालू असतानाच नुकसान सुरू झालं असेल तर त्या एका जॉबमध्ये चांगल्या आणि खराब अशा दोन्ही फाइल्स असू शकतात.

आणखी एक गोष्ट. फाइल्स एन्क्रिप्ट झाल्याची वेळ आणि व्हायरस मशीनमध्ये शिरल्याची वेळ एकच असेल असं नाही. तो काही दिवस गप्प बसलेला असू शकतो. म्हणून बॅकअपमधून फक्त डेटा परत आणायचा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅम नव्याने इन्स्टॉल करायचे. असा हल्ला झालाच असेल तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सेवा पुरवठादारांनी तो लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं अपेक्षित आहे, हेही ध्यानात ठेवा.

पायरी २: चालू बॅकअप थांबवा

ही पायरी लोक हमखास विसरतात. तुम्ही विचार करत बसलेले असता आणि रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी पुढचा जॉब सुरू होतो. जागा कमी असेल आणि एखाद्या जुन्या व्हॉल्यूमची मुदत संपलेली असेल, तर बाकुला तोच व्हॉल्यूम पुन्हा वापरायला घेतो. कदाचित तुम्हाला हवा असलेला फुल त्याच्यावरच असतो.

म्हणून कन्सोलमध्ये "डिसेबल" कमांडने संबंधित जॉब बंद करा. लागणाऱ्या व्हॉल्यूमची स्थिती बदलून "रीड-ओन्ली" करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं धोक्यात राहतं.

पायरी ३: रिस्टोअरच्या मेनूतला योग्य पर्याय घ्या

बाकुलाच्या कन्सोलमध्ये "रिस्टोअर" टाइप केलं की डझनभर पर्याय येतात. पहिल्यांदा बघणारा गोंधळतोच. पण रोजच्या कामात पाचच लागतात. (नव्या आवृत्त्यांत शेवटचे क्रमांक थोडे सरकलेले असू शकतात, त्यामुळे क्रमांकाबरोबर वाक्यही वाचा.)

पर्याय ५, क्लायंटचा सर्वांत अलीकडचा बॅकअप: हार्ड डिस्क जळाली, मशीन चोरीला गेलं, अशा वेळी हा बरोबर. तिथे डेटा शेवटपर्यंत चांगला होता, नंतर एकदम गेला. पूर्ण साखळी बाकुला स्वतः जुळवतो.

पर्याय ६, दिलेल्या वेळेच्या आधीचा बॅकअप: डेटा हळूहळू किंवा लक्षात न येता बिघडला असेल तर हा. आपल्या उदाहरणात हाच. वेळ वर्ष-महिना-दिवस तास:मिनिट:सेकंद अशी द्यायची, म्हणजे २०२५-०६-१८ १४:००:००. बाकुला १०१, ११५, ११६, ११७ हा संच स्वतः शोधून दाखवतो. त्यात जॉब क्रमांक, लेव्हल, फाइल्सची संख्या, सुरू झाल्याची वेळ आणि लागणारे व्हॉल्यूम दिसतात. हा तक्ता नुसता बघू नका, नीट वाचा. सुरुवातीला फुल आहे का? शेवटच्या जॉबची तारीख नुकसानीच्या आधीची आहे का? हे दोन प्रश्न तपासून मगच पुढे जा.

पर्याय २, अमुक फाइल कुठल्या जॉबमध्ये आहे: एकच फाइल हवी असेल तर यासारखं सोपं काही नाही. फाइलचं नाव दिलं की ती ज्या-ज्या जॉबमध्ये आहे ते सगळे समोर येतात. म्हणजे त्या फाइलचा इतिहासच.

पर्याय ३, जॉब क्रमांक हाताने देणे: स्वल्पविराम देऊन क्रमांक लिहायचे. सर्वांत जास्त मोकळीक इथे आहे आणि सर्वांत जास्त जबाबदारीही. तुम्ही फुल विसरलात तर बाकुला तुम्हाला अडवत नाही. जेवढे जॉब दिले तेवढ्यांचंच झाड तो बनवतो. म्हणून आधी पर्याय ६ ने संच बघायचा आणि काही बदल करायचा असेल तरच ३ वर यायचं, अशी माझी सवय आहे.

पर्याय १२, अमुक जॉबपर्यंतचं पूर्ण रिस्टोअर: तुम्हाला शेवटचा चांगला जॉब माहीत आहे (११७), पण साखळी शोधायची नाही. तो क्रमांक द्या, मागचं बाकुला जुळवतो.

एक फाइल आणि एक फोल्डर यातला फरक

बाकुलाच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये फाइल बदलली की पूर्ण फाइल पुन्हा साठवली जाते, फक्त बदललेला तुकडा नाही. त्यामुळे एक फाइल परत आणायला एकच जॉब पुरतो, मग तो इन्क्रिमेंटल असला तरी चालतो. फोल्डर किंवा पूर्ण मशीन आणायचं असेल तर मात्र साखळीच हवी. "तीन एक्सेल शीट पाहिजेत" म्हणून कोणी पूर्ण सर्व्हर रिस्टोअर करायला लावला, तर त्याला हा फरक समजावून सांगा. दोन्हींचा वेळ वाचेल.

पायरी ४: फाइल्स मार्क करा आणि बाजूला उतरवा

जॉब ठरले की बाकुला त्यातल्या फाइल्सचं एक झाड तयार करतो. त्यात "सीडी" आणि "एलएस" ने फिरायचं आणि "मार्क" ने निवडायचं. "एलएसमार्क" ने काय निवडलं ते दिसतं आणि "एस्टिमेट" ने एकूण आकार कळतो. सगळं पटलं की "डन".

शेवटी "यस, मॉड, नो" असा प्रश्न येतो. इथे लगेच यस करू नका. मॉड निवडून दोन गोष्टी बघा.

- कुठे उतरवायचं: नमुना कॉन्फिगरेशनमध्ये फाइल्स मूळ जागी न जाता वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जातात. हे चांगलंच आहे. फक्त त्या डिस्कवर पुरेशी जागा आहे ना, ते एस्टिमेटच्या आकड्याशी ताडून बघा.
- आधीची फाइल असेल तर काय: नेहमी बदला, बॅकअपमधली नवी असेल तरच बदला, जुनी असेल तरच बदला, कधीच बदलू नका, असे चार पर्याय असतात. मूळ जागेवरच उतरवायचं असेल तर ही निवड फार जपून करा.

बाजूला उतरवण्यामागे साधं कारण आहे. ११७ पर्यंतचा संच मंगळवार रात्रीची स्थिती देतो. पण बुधवारी सकाळी कोणीतरी केलेलं रिटर्न, जे एन्क्रिप्ट होण्यापासून वाचलं, ते सर्व्हरवर अजून चांगलं असू शकतं. मूळ जागेवर सरसकट रिस्टोअर केलं तर त्या चांगल्या फाइलवर जुनी फाइल बसेल. आधी बाजूला उतरवा, फाइल्स उघडून बघा, मग हलवा.

काम झाल्यावर अहवालात "अपेक्षित फाइल्स" आणि "रिस्टोअर झालेल्या फाइल्स" हे दोन आकडे येतात. ते जुळतात का बघा.

साखळीत अडचण असेल तर

मधला एखादा जॉब फेल झाला आहे. समजा ११६ फेल झाला. घाबरायचं कारण नाही. पुढचा इन्क्रिमेंटल शेवटच्या यशस्वी बॅकअपपासूनचे बदल घेतो, त्यामुळे ११७ मध्ये सोमवारचेही बदल येतात. सोमवार रात्रीची वेगळी प्रत तेवढी मिळणार नाही. डिफरेन्शियल ११५ फेल झाला असेल तर साखळी लांबते: १०१, १०८, १०९ ते ११४, मग ११६ आणि ११७. फुलच फेल झाला असेल तर मागच्या महिन्याच्या फुलपासून सुरुवात करावी लागते.

जॉबच्या स्थितीचं अक्षर बघायला विसरू नका. टी म्हणजे नीट पूर्ण, डब्ल्यू म्हणजे पूर्ण पण काही इशाऱ्यांसह, ई म्हणजे त्रुटी, छोटा एफ म्हणजे गंभीर त्रुटी, ए म्हणजे रद्द केलेला. आपोआप संच जुळवताना बाकुला टी आणि डब्ल्यू एवढेच धरतो.

डिलीट केलेल्या फाइल्स परत येतात. १० जूनला कोणीतरी जुने ड्राफ्ट डिलीट केले होते. रिस्टोअरनंतर ते पुन्हा हजर! कारण ते १ जूनच्या फुलमध्ये होते आणि साधा इन्क्रिमेंटल "काय बदललं" एवढंच लिहितो, "काय गेलं" ते लिहीत नाही. जॉबमध्ये "अ‍ॅक्युरेट" हा पर्याय चालू असेल तर डिलीट झाल्याचीही नोंद राहते. पण तो बॅकअप घेण्याआधीपासून चालू असावा लागतो, रिस्टोअरच्या दिवशी चालू करून उपयोग नाही.

झाड तयारच होत नाही. बाकुला कुठली फाइल कुठल्या जॉबमध्ये आहे याची नोंद कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. या नोंदींना मुदत असते. वेगळं काही ठरवलं नसेल तर फाइल्सची नोंद ६० दिवस, जॉबची १८० दिवस आणि व्हॉल्यूमची ३६५ दिवस. म्हणजे ६० दिवसांनंतर डेटा व्हॉल्यूमवर असतो, पण एकेक फाइल निवडता येत नाही. पूर्ण जॉब मात्र उतरवता येतो. कॅटलॉगच गेला असेल तर "बीस्कॅन" हे टूल व्हॉल्यूम वाचून नोंदी पुन्हा तयार करतं, पण त्याला खूप वेळ लागतो. म्हणूनच नमुना वेळापत्रकात रोज रात्री कॅटलॉगचाही बॅकअप असतो. तो बंद करू नका.

एक खरी घटना

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉमचा मुख्य डेटाबेस चुकून डिलीट झाला. कंपनीने नंतर सगळा तपशील स्वतःच जाहीर केला. त्यांच्याकडे बॅकअपचे बरेच मार्ग होते, पण निवडायची वेळ आली तेव्हा यादी रिकामी निघाली. रोजचा डेटाबेस बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे बंद पडला होता आणि त्याच्या सूचनेचे ईमेलही पोहोचत नव्हते. शेवटी उपयोगी पडला तो एक स्नॅपशॉट, जो एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सुमारे ६ तास आधी घेतला होता. त्यातून सेवा परत सुरू झाली, पण मधल्या तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कमेंट आणि ७०० च्या आसपास नवीन खाती यांची नोंद गेली.

यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्याकडे कुठले जॉब आहेत हे नुकसान व्हायच्या आधी माहीत असलं पाहिजे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेस्टिक, बोर्ग वापरतो. मलाही साखळी शोधावी लागेल का?
नाही. त्यांत प्रत्येक स्नॅपशॉट निवडताना पूर्ण दिसतो, मागची जोडणी सॉफ्टवेअर बघतं. पण "कुठल्या वेळेचा?" हा प्रश्न तुमचाच राहतो. पायरी १ तुम्हालाही लागू.

टॅलीचा किंवा डेटाबेसचा डेटा असाच निवडायचा का?
त्याचे सगळे भाग एकाच वेळेचे हवेत. अर्ध्या फाइल्स सोमवारच्या आणि अर्ध्या मंगळवारच्या अशी खिचडी केली तर डेटा उघडणार नाही किंवा आकडे चुकतील. पूर्ण फोल्डर एकाच वेळेच्या संचातून घ्या.

सराव किती वेळा करावा?
मी महिन्यातून एकदा करतो. एखादं जुनं फोल्डर निवडायचं, पर्याय ६ ने मागच्या आठवड्यातली वेळ द्यायची, बाजूला उतरवायचं आणि तीन-चार फाइल्स उघडून बघायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. सर्वांत नवा जॉब आणि योग्य जॉब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
२. आधी नुकसानीची वेळ, मग त्याआधीची साखळी.
३. चालू जॉब थांबवा, व्हॉल्यूम सुरक्षित करा.
४. संचात फुल आहे का आणि शेवटची तारीख बरोबर आहे का, ते तपासा.
५. बाजूला उतरवा, उघडून बघा, मगच मूळ जागी न्या.

ही पाच वाक्यं कागदावर लिहून सर्व्हरच्या शेजारी चिकटवून ठेवा. गडबडीच्या दिवशी लेख शोधायला वेळ नसतो, भिंतीवरचा कागद मात्र दिसतो.